कोणता अर्धा इंच?

आमच्या शॉपमधले जुने लोक अर्धा इंच म्हणत नाहीत, ‘चार सूत’ म्हणतात. इंचाचे आठ सूत, त्यातले चार. निपल म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा; पाव इंची निपल म्हणजे दोन सुती, पाऊण इंची म्हणजे सहा सुती. डिप्लोमा करून मी भोसरी एमआयडीसीतल्या या कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक चार सुती निपल हातात घेऊन आट्यांवर व्हर्निअर लावला. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. व्हर्निअर एकवीसच्या आसपास दाखवत होता. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पुसून पुन्हा लावला, तरी तेच.

पाईपच्या कामात अर्धा इंच हे माप नाही, नाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. कधीकाळी तो पाईपच्या आतल्या भोकाचा आकडा होता. पुढे पाईपची जाडी बदलत गेली, भोक बदललं, नाव तेच राहिलं. अर्धा इंच म्हणवणाऱ्या निपलवर कुठेही पट्टी लावा, अर्धा इंच सापडणार नाही.

आणि या एका नावाची दोन घराणी आहेत. एक ब्रिटिश, ज्याला आम्ही बीएसपी टेपर म्हणतो, आणि दुसरं अमेरिकन, एनपीटी. आम्ही दोन्ही बनवतो. आपल्याकडे पाईपचं काम इंग्रजांच्या काळात रुजलं, त्यामुळे घरातला नळ, सोसायटीचा पंप, जी. आय. पाईपची सगळी जोडणी ब्रिटिश आट्याची. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ५५४ मध्येही तेच आटे आहेत. रिफायनरी, केमिकल प्लँट, इन्स्ट्रुमेंटेशन ही कामं मात्र बरीचशी अमेरिकन कोडप्रमाणे चालत आली, म्हणून तिथे ट्रान्समीटर, मॅनिफोल्ड, नीडल व्हॉल्व्ह यांवर एनपीटी दिसतो. चाकणला जपानी मशिनं आली, त्यांच्या ड्रॉइंगवर ‘पीटी’ किंवा ‘आरसी’ लिहिलेलं असतं. ते ब्रिटिश घराण्यातलंच. पीटी आणि एनपीटी. बोलताना एक अक्षर खाल्लं गेलं की माल दुसऱ्या घराण्याचा होतो, आणि फोनवर ऑर्डर घेताना ते अक्षर किती सहज खाल्लं जातं हे मी पुष्कळदा अनुभवलं आहे.

निमुळत्या आट्याचं मला पहिल्यापासून फार अप्रूप वाटत आलं आहे. साधा नट-बोल्ट कितीही फिरवा, आटे एकाच जाडीचे. पाईपचा टेपर आटा मात्र पाचरेसारखा. टोकाला बारीक, आत जाईल तसा जाड. लांबीच्या सोळा मिलिमीटरला व्यास एक मिलिमीटर वाढतो. डोळ्याला हा चढ जाणवत नाही, पण हाताला जाणवतो: पहिले तीन-चार आटे बोटांनी सहज जातात, मग जड होतं, मग पान्हा घ्यावा लागतो, आणि पान्ह्यानं दोन-तीन फेरे दिले की धातूवर धातू दाबला जाऊन जोड घट्ट होतो. वॉशर नाही, ओ-रिंग नाही. लाकडात पाचर ठोकावी तसा एक तुकडा दुसऱ्यात रुतत जातो. हा सोळाला एक चढ दोन्ही घराण्यांत अगदी सारखा आहे. म्हणूनच हे दोन आटे दुरून जुळ्या भावांसारखे दिसतात.

फरक आहे तो आट्याच्या अंगात. आटा आडवा कापून पाहिला तर डोंगररांग दिसते: उतार, दरी, पुन्हा चढ. ब्रिटिश आट्यात दोन उतारांमधला कोन ५५ अंशांचा, आणि डोंगराचा शेंडा व दरीचा तळ दोन्ही गोलसर. अमेरिकन आट्यात कोन ६० अंशांचा, शेंडा आणि तळ सपाट कापलेले. ५५ हा आकडा कुठून आला, हे मी मुद्दाम शोधलं होतं. जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, ते मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सगळ्यांसाठी एकच आटा सुचवला. म्हणजे ५५ अंश हा कुणाच्या डोक्यातून निघालेला आकडा नाही, शेकडो कारागिरांच्या हातांची ती सरासरी आहे. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आपला आटा मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं: गोल शेंडा आणि गोल तळ नीट बनवणं साध्या कारखान्याला अवघड, ते सपाट करा, आणि कोन ६० अंशांचा ठेवा, कारण समभुज त्रिकोण कुणालाही काढता येतो, तपासता येतो. पाईपच्या अमेरिकन आट्याची मापं त्याच सुमारास रॉबर्ट ब्रिग्ज यांनी बसवली आणि १८८६ मध्ये ती तिथलं मानक झाली. मला दोन्ही विचार मनापासून पटतात. एकानं असलेलं गोळा करून मध्य काढला, दुसऱ्यानं बनवणाऱ्याची सोय पाहिली. यात कुणी चूक नाही, कुणी कमी नाही. घोळ होतो तो आपण एकाला दुसऱ्याच्या घरात घुसवतो तेव्हा.

घोळ कधी लगेच दिसतो आणि कधी लपतो, हे आट्यांच्या गणतीवर आहे. पाव इंचाला एनपीटीचे इंचात १८ आटे, बीएसपीचे १९. एक सुती, म्हणजे अष्टमांश इंचाला २७ आणि २८. एक इंचापासून दोन इंचांपर्यंत एनपीटी साडेअकरा, बीएसपी अकरा. अडीच इंचाला तर ८ आणि ११. या सगळ्या मापांत चुकीचा जोड लावायला जा, दोन-तीन आटे जातील आणि अडकेल. हाताला कळतं की हे याचं नाही. पिच गेजची, म्हणजे आट्यांमधलं अंतर ताडून पाहायची दातेरी पाती लावली तरी दुसऱ्या टोकाला उजेड दिसायला लागतो. पण अर्धा इंच आणि पाऊण इंच या दोन मापांत दोन्हीकडे इंचात १४ आटे आहेत. एक आटा ते पुढचा आटा अंतर १.८१४ मिलिमीटर, इथेही आणि तिथेही. पिच गेजची एकच पाती दोघांनाही चपखल बसते. व्यासात फरक आहे, अर्ध्या इंचाला एनपीटी २१.३ आणि बीएसपी २०.९ च्या घरात, पण आटे निमुळते असल्यानं तो फरक एखाद-दुसऱ्या जास्तीच्या फेऱ्यात मुरून जातो. ब्रिटिश निपल अमेरिकन फीमेलमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या भागात, छान जातो, छान घट्ट होतो. आणि आपल्या बाजारात सर्वात जास्त खपतात ती नेमकी हीच दोन मापं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. एकदा येताना तिनं आईसाठी मोठा शॉवर आणला. तिकडचा शॉवर म्हणजे अर्धा इंची अमेरिकन आटा, आमच्या दिघीच्या घरातला पाईप ब्रिटिश. प्लंबरनं टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे दिले आणि बसवला. अजून चालू आहे, थेंबभर पाणीही गळत नाही. गच्चीवरच्या टाकीचा दाब तो किती असणार! प्लंबर म्हणाला, “ताई, अर्धा इंच सगळा सारखाच असतो.” त्याच्या कामापुरतं ते खरंही आहे, आणि तो काही चुकीचं करत होता असं मी म्हणणार नाही. पण हेच वाक्य तो प्लंबर उद्या एखाद्या फॅक्टरीत हवेच्या लाईनवर घेऊन जाईल, याची मला धास्ती वाटते. पाण्याला आणि टेपला जे जमतं ते गॅसला आणि दाबाला जमत नाही.

आता सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या एका कंपनीला आम्ही अर्धा इंची एनपीटी हेक्स निपल दिले होते, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, पाचशे नग. ती कंपनी व्हॉल्व्हची पॅनेलं जोडून अमेरिकेला पाठवायची. माल गेला, महिना झाला, आणि एका शनिवारी दुपारी फोन आला. पॅनेल टेस्टला लावलं की बुडबुडे येतात. सगळीकडे नाही, काही जोडांतच. टेप वाढवून पाहिला, घट्ट करून पाहिलं, थांबत नाही.

मी रिंग गेज तेलाच्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि स्कूटरवरून चाकण गाठलं. माझा माझ्या तपासणीवर विश्वास होता. त्या लॉटचे नग मी स्वतः गेजवर फिरवले होते. हा गेज म्हणजे आतून अमेरिकन आटे असलेली कठीण पोलादाची जाड चकती. ती निपलवर हातानं फिरवायची, थांबेल तिथे थांबवायची आणि बघायचं की चकतीचं तोंड आणि निपलचं टोक एका पातळीत आहेत का. एक फेरा पुढे किंवा एक फेरा मागे चालतो, त्यापलीकडे नाही. चाकणला त्यांच्या टेबलावर मी दहा निपल फिरवले. दहाच्या दहा पातळीत बसले. त्यांचा क्वालिटीचा माणूस बघत उभा होता. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं आज आठवलं की मन खजील होतं.

कारण मग त्यांनी मला टेस्टिंगच्या जागी नेलं. पॅनेल पाण्याच्या टाकीत बुडवलेलं, आत सहा किलोची हवा. एका निपलच्या मुळाशी अगदी मोहरीएवढा बुडबुडा तयार व्हायचा, वाढायचा, सुटायचा. मग दुसरा. धार नव्हती, फवारा नव्हता. दर चार-पाच सेकंदांनी एक बुडबुडा, ठेका चुकत नव्हता. बाजूला त्यांनी एक अॅल्युमिनियमचा ब्लॉक ठेवला होता. गळती थांबेना म्हणून एका हेल्परनं पान्ह्याच्या दांड्यावर पाईप चढवून जोर लावला होता, आणि ब्लॉकला कोपऱ्यापासून भोकापर्यंत चीर गेली होती. पाचर आहे ती. तिला ठोकत गेलं की लाकूड फाटतं, तसा धातूही फाटतो. त्या चिरेवरून मी बोट फिरवलं. तो हेल्पर मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल, तिथेच उभा होता, आणि चूक आपली आहे असंच तो धरून चालला होता.

गळणारे दोन आणि न गळणारे दोन निपल घेऊन मी परत आले. आमच्याकडे तेव्हा प्रोफाइल प्रोजेक्टर नव्हता. दोन गल्ल्या सोडून एक टूलरूम आहे, तिथे तासावर मिळतो. रविवार असूनही त्यांनी उघडून दिला. निपल काचेवर ठेवला, दिवा लावला, आणि पडद्यावर आट्यांची काळी सावली आली, वीस पट मोठी. न गळणाऱ्या निपलची रांग कशी असावी तशी होती: कातरल्यासारखे सपाट शेंडे. गळणारा ठेवला आणि शेंडे गोल झाले. पावसानं झिजलेल्या जुन्या डोंगरांसारखे. पडद्यावरची रेघ फिरवून मी उतार जुळवला आणि आकडा वाचला. तीस यायला हवं होतं, साडेसत्तावीस आलं. दुसऱ्या बाजूचा उतार, पुन्हा साडेसत्तावीस. दोन्ही मिळून ५५. अमेरिकन निपलवर ब्रिटिश आटे.

सोमवारी सकाळी मशिनवर गेले. आमचे सीएनसीचे ऑपरेटर वयानं माझ्यापेक्षा मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या हाताखाली किती पोरं तयार झाली याची गणती नाही. मी निपल आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग इन्सर्टचा डबा उघडला. आटे पाडायचा इन्सर्ट म्हणजे नखाएवढा कार्बाइडचा तुकडा, त्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. एकावर ‘१४ एनपीटी’, दुसऱ्यावर ‘१४ बीएसपीटी’. आकार तोच, रंग तोच, डबीही तशीच. आधीच्या कुठल्यातरी कामातला एक ब्रिटिश इन्सर्ट अमेरिकन डबीत परत गेला होता. रात्रपाळीला इन्सर्ट झिजला म्हणून बदलला, आणि बदलताना तो लागला.

“ताई, गेज तर बसत होता,” मामा म्हणाले.

बसतच होता. माझ्या हातातही बसला होता, आणि चाकणच्या त्या टेबलावरही. मला तेव्हा एकच गोष्ट छळत होती: असा कसा बसला? दोन दिवस मी कागद घेऊन त्याच्यामागे होते. ब्रिटिश आटा उंचीला कमी, १.१६ मिलिमीटर, अमेरिकन १.४५ च्या जवळ. प्रोग्रॅम अमेरिकन खोलीचा. म्हणजे ब्रिटिश इन्सर्टनं त्या खोलीपर्यंत कापलं तर निपल बारीक व्हायला हवा, आणि गेज त्यावर दोनेक फेरे जास्त चढायला हवा. तसा तो चढलाच असणार. मी ऑफसेटची वही मागवली. आमच्याकडे इन्सर्ट बदलला की पहिला नग काढायचा, गेज लावायचा, आणि कमी-जास्त असेल तेवढी दुरुस्ती मशिनला द्यायची ही रीत आहे. नेहमी ही दुरुस्ती दोन-चार शतांश मिलिमीटरची असते. त्या रात्री वहीत पाव मिलिमीटरची नोंद होती. ज्यानं ती दिली त्यानं गेज पातळीत येईपर्यंत माप वाढवलं, गेज पातळीत आला, आणि त्यानं पुढचे नग काढले. शिकवल्याप्रमाणेच केलं त्यानं. गेज बसला पाहिजे असंच आम्ही शिकवलं होतं, आणि त्यानं तो बसवला.

आटा आपल्या तोंडानं सांगत होता की मी याचा नाही. दोन फेरे जास्त चढून सांगत होता. आम्ही ऑफसेट देऊन त्याचं तोंड बंद केलं.

रिंग गेज आटा कसा आहे हे सांगत नाही, तो कुठपर्यंत जातो एवढंच सांगतो. ५५ अंशांचा डोंगर ६० अंशांच्या दरीत बसला की दोन उतार अंगाला अंग लावून टेकत नाहीत. शेंड्याजवळच्या एका रेघेवर टेकतात, आणि खाली प्रत्येक बाजूला अडीच अंशांची फट राहते. त्या रेघेवर गेज घट्ट होतो. त्या रेघेवरच पान्हाही घट्ट होतो. हाताला लागणारा जोर तोच, अडकल्याची जाणीव तीच. पण फट आट्याबरोबर गोल गोल फिरत जोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि हवेला तेवढा जिना पुरतो. खरं तर बरोबरच्या एनपीटी आट्यातही शेंडा आणि तळ यांच्यामध्ये बारीकशी वाट राहतेच, म्हणून तर टेप किंवा पेस्ट लावावी लागते. ती वाट टेप बुजवतो. उतारांच्या मधली फट बुजवणं हे टेपचं काम नाही. ज्यांना टेप नकोच असतो त्यांच्यासाठी एनपीटीएफ नावाचा वेगळा आटा आहे, त्यात शेंडे आणि तळ एकमेकांवर चिरडून वाट बंद होते. त्याच्या तपासणीला एक गेज पुरत नाही, शेंडे आणि तळ यांचीही वेगळी तपासणी करावी लागते. साध्या एनपीटीला आम्ही एका रिंगवर भागवत होतो.

चाकणचा सगळा माल परत आला. जोडलेली पॅनेलं त्यांनी सोडवून दिली, त्याचे पैसे आमच्या साहेबांनी एका शब्दानं वाद न घालता भरले. आता प्रश्न निवडण्याचा होता, कारण रात्रपाळीचे वाईट नग दिवसपाळीच्या चांगल्या नगांत मिसळून गेले होते. मी खिडकीशी टेबल ओढलं आणि दहा पटीचं भिंग घेऊन बसले. पहिल्या पन्नास नगांना फार वेळ लागला. मग डोळा बसला. निपल उजेडात धरून हळूच फिरवला की सपाट शेंड्यावर उजेडाची एक सरळ, सुईसारखी रेघ चमकते, तिच्या दोन्ही कडा रेखीव. गोल शेंड्यावर तीच रेघ पसरते, कडेला विरघळत जाते, जशी तेल लावलेल्या केसावर चमक दिसते तशी. नंतर नंतर भिंगही लागेना. अंगठ्याचं नख आट्यांवरून आडवं ओढलं की अमेरिकन आटा नखाला कडा लावतो, ब्रिटिश त्यावरून घसरू देतो. तीन दिवसांत पाचशे नग झाले. एकशे सत्तावीस वाईट निघाले. ते मी स्वतः मोजून, प्रत्येकावर ग्राइंडरनं आडवा काप मारून भंगारात टाकले. काप मारला नसता तर ते नाना पेठेतल्या कुठल्यातरी दुकानातून पुन्हा कुणाच्या तरी पाईपवर गेले असते.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. दोन्ही घराण्यांचे इन्सर्ट, टॅप, डाय, गेज आता वेगळ्या कपाटांत आहेत, एक निळं, एक पिवळं. ब्रिटिश काम चालू असताना अमेरिकन कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट पाच शतांशापेक्षा जास्त लागला तर मशिन थांबवायचं आणि मला बोलवायचं. मशिनच्या बाजूला दोरीला भिंग बांधलेलं आहे. प्रत्येक शिफ्टचा पहिला नग प्रोजेक्टरवर जातो. तो साहेबांनी त्याच वर्षी घेतला, जुना, पण काच चांगली आहे. आणि षटकोनावर शिक्का. यासाठी मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं. शिक्का मारायला नगामागे काही सेकंद जातात, काही पैसे जातात, आणि बाजारात बिनशिक्क्याचा माल स्वस्त मिळतो. मी साहेबांना म्हणाले, आपला निपल आपल्या हातातून गेल्यावर दहा वर्षं कुठेतरी पाईपमध्ये राहणार आहे. ज्या दिवशी तो कुणी उघडेल त्या दिवशी त्याच्याजवळ मी नसेन, गेज नसेल, ड्रॉइंग नसेल. निपलला स्वतःचं नाव सांगता आलं पाहिजे. आता आमच्या प्रत्येक नगावर एनपीटी किंवा आर असं उठवलेलं असतं. आर म्हणजे ब्रिटिश निमुळता, बाहेरचा. फीमेल असेल तर आरसी. आणि आतला आटा सरळ असेल, जसा आपल्याकडच्या सॉकेटमध्ये पुष्कळदा असतो, तर आरपी.

मामा आता निवृत्तीला आले आहेत. मागच्या पावसाळ्यात एकदा ते माझ्या टेबलाशी आले, हातात फडक्यात धरलेला इन्सर्ट. “आठ शतांश मागतोय. बघता का?” म्हणाले. आम्ही दोघांनी खिडकीशी जाऊन पाहिला. अक्षरं बरोबर होती, पण टोकाला केसाएवढी कपची उडाली होती. नवा लावला, दोन शतांशात गेज पातळीत आला, काम सुरू झालं. पंधरा मिनिटं गेली असतील. त्यांनी विचारलं याचं मला जे वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

ऑर्डरचे कागद मात्र अजूनही तसेच येतात. गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका नव्या ग्राहकाची ऑर्डर आली: ‘अर्धा इंच टेपर थ्रेड एल्बो, शंभर नग.’ एवढंच. मी फोन लावला.

“दादा, अर्धा इंच कोणता?”

“कोणता म्हणजे? अर्धा इंच, मॅडम. आधी मुंबईला नागदेवीहून आणायचो.”

“एनपीटी की बीएसपी?”

“ते नाही बघितलं. थांबा, एक जुना पडलाय इथे.” खुडबुड ऐकू आली. “पिच गेज लावला. चौदा येतंय.”

“चौदा दोन्हीत येणार, दादा. आट्याचा शेंडा बघा. सपाट आहे की गोल?”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग लांबून कुणाला तरी त्यांनी हाक मारलेली ऐकू आली, “अरे, ते भिंग कुठंय? टेबलाच्या खणात बघ.” मी फोन कानाला धरून थांबले.